गच्चीवरच्या चार खुर्च्या

सत्तरच्या दशकात आम्ही धरमपेठेत वरच्या मजल्यावर राहत होतो. शेजारणीची गच्ची आमच्या व्हरांड्याला लागूनच, मध्ये कमरेएवढी भिंत. एका वर्षी तिच्या भावाने मुंबईहून चार खुर्च्या पाठवल्या. पांढऱ्या नळ्यांच्या, हिरव्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी विणलेल्या. पाठ टेकली की माणूस अर्धा आडवाच व्हायचा. पावसात भिजल्या तरी त्यांना काही होत नव्हतं. आभाळ भरून आलं की मी आमच्या वेताच्या खुर्च्या धावत आत ओढायची आणि ती खिडकीत निवांत चहा पीत असायची. ते मला बघवत नसे.

माझे सासरे पाठदुखीने हैराण. ते रोज संध्याकाळी तिच्या गच्चीवर जाऊन बसू लागले.

"तू बी येत जा वं," ते मला म्हणायचे. "त्या खुर्चीवर पाठच नाही दुखत माही."

घरच्या माणसाने शेजारच्या खुर्चीचं कौतुक करावं, हे फार लागलं. मी काहीतरी काम काढून आतच राहायची.

पुढच्या मे महिन्यात ती मंडळी आठ दिवस पचमढीला गेली. झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे होती. पहिल्याच संध्याकाळी मी त्या खुर्चीत बसून पाहिलं. इतकं बरं वाटलं की रागच आला. घरातून ब्लेड आणलं आणि बैठकीच्या दोन पट्ट्या कापल्या.

परत आल्यावर तिने मला बोलावलं. "खार आली होती का वं इकडे? हे पाह्य, पट्ट्या कुरतडल्या."

"आली असेल," मी म्हणाले.

"जाऊ दे. तू होती म्हणून झाडं तरी वाचली."

तिने तिथे नायलॉनची दोरी ओवली. गाठी टोचायच्या, म्हणून त्या खुर्चीवर ती स्वतःच बसायची. मला मात्र हाताला धरून चांगल्या खुर्चीत बसवायची. तिला खरं सांगायचं असं मी दोनदा ठरवलं, जमलं नाही.

नंतर यांची खापरखेड्याला बदली झाली. क्वार्टरचा व्हरांडा मोठा होता. मी सदरच्या बाजारातून तशाच दोन खुर्च्या आणल्या. ती बघायला आली, बसली, म्हणाली, "माह्यापेक्षा चांगल्या आहेत."

मी तिच्या चेहऱ्यावर हेवा शोधत होते. तो नव्हता, आणि त्याचंही मला वाईटच वाटलं.