गेटवरचा महाराजा

आमच्या कंपनीत माझ्याएवढा नियम पाळणारा माणूस शोधूनही सापडणार नाही. बदलापूरच्या एका लग्नाच्या हॉलवर मात्र तो न शोधता सापडला!

झालं असं. अंबरनाथला कंपनीत साहेबांनी सगळ्यांना जमवून नियम वाचून दाखवला, "बाहेर दुसरं काम करताना कोण दिसला, तर त्याला कायमचा घरी पाठवणार!" (वाचून दाखवला ते बरं केलं, मला कुठे वाचता येतं!) पुढच्याच महिन्यात मी पर्मनंट होणार होतो. सगळ्यात जोरात मान मीच हलवली.

आणि आमचा मेव्हणा, त्या हॉलचा डेकोरेशनवाला, गळ्यात पडला. "दाजी, गेटवरचा महाराजा गावाला पळालाय! फेटा घालायचा, मिशी चिकटवायची, पाहुण्यांना मुजरा मारायचा. बास!"

"आणि कोणी ओळखलं तर?"

बायको बोलली, "त्या मिशीत तुमची सख्खी आईपण ओळखणार नाही!"

राहिलो उभा. छाती बाहेर, पोट (जमेल तेवढं) आत. पहिलीच गाडी आली, त्यातून उतरलं कोण? आमचे साहेब! फेट्याच्या आत माझी आंघोळ झाली. तरी वाकून मुजरा ठोकला, "पधारिए हुजूर!"

साहेब एकदम खूश! मॅडमना बोलले, "बघ, याला म्हणतात शिस्त! आमच्या लोकांना आणून दाखवला पाहिजे हा माणूस." माझ्याबरोबर सेल्फीपण काढला. वाटलं, सुटलो!

तेवढ्यात रिक्षातून आमच्या पालेगावच्या बायका उतरल्या, नवरीकडच्या. सगळ्यात पुढे आमची आई! (ती कोणाच्या लग्नाला चाललीय, हे मी विचारलंच नव्हतं.)

"आरं बाळ्या! कसा राजावानी दिसतोस रं!"

"माताजी, आप कौन?"

"कौन काय मेल्या? आई तुझी!" तिने माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली, वरून गालाचा मुका घेतला. मिशी आईच्या ओठाला चिकटली! ती तशीच मिशीसकट साहेबांकडे वळली, "माझा पोरगा हो! कंपनीतपण कामाला हाय!"

साहेबांनी सेल्फी बघितला. मग मला बघितलं. मी परत मुजऱ्यात वाकलो, तो वर यायला तयारच नाही.

"साहेब, चुकलो! पर्मनंट नका करू, पण घरी नका पाठवू!"

"अरे, दुसरं काम करणाऱ्याला घरी पाठवायचंय," साहेब बोलले. "तू अजून पहिलं तरी कुठे सुरू केलंयस?"