दम घ्यायची जागा

माझा हात कशावरही बसतो, असं जळगावात लोक म्हणतात, आणि ते ऐकायला मला अजूनही गोड लागतं. भजनी मंडळात पेटी, हळदीला बँजो, उरसात कव्वालीच्या मागे कीबोर्ड, आणि मधे वेळ मिळाला की स्टुडिओत डीजेसाठी अहिराणी गाणी. एकाच संगीताचं सोवळं पाळणाऱ्यांची मी भरपूर टिंगल केली आहे. कव्वालीतली एखादी हरकत मी भजनात खपवतो आणि टाळकरी माना डोलावतात. त्यात मला कधी काही गैर वाटलं नाही, आजही वाटत नाही.

गैर वाटतं ते एकाच गाण्याचं.

शिंदखेड्याला माझी मावशी असते. सगळा गाव तिला अक्का म्हणतो, मीही. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते तेव्हा गाणी अक्का उचलते आणि बाकीच्या बायका मागून म्हणतात. त्यातल्या निरोपाच्या गाण्याला तर गावात 'अक्कानं गानं', म्हणजे अक्काचं गाणं, असंच म्हणत. त्यात दर ओळीनंतर सगळ्या जणी क्षणभर गप्प होतात. "आठे दम लेवाना ऱ्हास," अक्कानं मला लहानपणी सांगितलं होतं. विसर्जनाला निघताना कानबाई डोक्यावर घेतलेली बाई तेवढ्यात पाय नीट रोवते, आणि गाणाऱ्याही श्वास घेतात.

गेल्या वर्षी मी त्या गाण्याचा डीजे केला. अक्काला विचारलं होतं. ती खूश झाली, फोनवर गाऊनही दिलं. पण ती थांबायची जागा ठेक्यात काही केल्या बसेना. नाचणारे मधेच थांबले की गाणं पडतं, हे मला चांगलं ठाऊक. मी प्रत्येक ओळीमागची ती जागा कापून टाकली. कापताना तिचं बोलणं आठवलं होतं. तरी कापली. गाणं पाचोऱ्यापासून धुळ्यापर्यंत हळदीत वाजलं आणि मी कॉलर ताठ करून हिंडलो.

यंदा कानबाईच्या विसर्जनाला शिंदखेड्याला गेलो. सकाळची मिरवणूक, डीजे नव्हता, नुसत्या बायका. अक्कानं गाणं उचललं, पहिली ओळ संपवली आणि थांबली. बाकीच्या थांबल्याच नाहीत. सुना, पोरी, सगळ्या थेट पुढच्या ओळीत शिरल्या, माझ्या डीजेत शिरतात तशा. अक्का दचकली. सुटलेली एसटी पळत जाऊन धरावी तशी तिनं ती ओळ धरली. पुढच्या ओळीला पुन्हा तेच. कानबाई डोक्यावर घेतलेली तिची सून एकदा अडखळली, पण सावरली. मग अक्कानं गाणं सोडूनच दिलं आणि पदरानं तोंड पुसत कडेकडेनं चालू लागली. गाणं तिच्यावाचून पुढे गेलं. कुणी मागे वळूनही पाहिलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नदीवर मी तिला गाठलं. अक्का, ती जागा मी कापली, एवढंच म्हणायचं होतं. तिनं बोलूच दिलं नाही, हातावर प्रसादाचे फुटाणे ठेवले.

"भाऊ, तुनं गानं आते बठ्ठासले पाठ शे," सगळ्या बायकांकडे हात करत ती कौतुकानं म्हणाली. "मालेच दम लागस."