कमांडरच्या माणसांची हजेरी

आज भर हॉलमध्ये एका मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोललं गेलं, आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मी नाही वाजवल्या.

घरी येऊन अजून साडीही बदललेली नाही. लिहून टाकते, नाहीतर डोकं फुटेल.

गेल्या आठवड्यात माझे पेशंट गेले. फ्रेंच नेव्हीतले जुने ऑफिसर, नव्वदी कधीच ओलांडलेली. इथे आखातात, अल गराफाला लेकीच्या व्हिलात राहायचे. गेली तीन वर्षं माझी होम नर्सची ड्युटी तिथेच होती. सगळे त्यांना कमांडर म्हणायचे, मीही.

तरुणपणी त्यांनी व्हिएतनाममध्ये एक कमांडो तुकडी उभी केली होती. तेव्हा तिथे फ्रेंचांचं राज्य होतं आणि लढाई पेटलेली होती. कमांडरनी तिथलेच कोळी गोळा केले. अंधारात होड्या घेऊन खाडीत शिरायचं, काम उरकायचं आणि उजाडायच्या आत परत.

पाण्याची जाण असलेली माणसं ती. आम्हा वसईकरांना वेगळं सांगायला नको.

तुकडीचा एक नियम होता. होडी परत आली की हजेरी. जो परतला नाही, त्याच्या नावाला शेजारी वल्हं मारणाऱ्याने ओ द्यायची. कोणाचंही नाव रिकामं जाऊ द्यायचं नाही.

नियम कमांडरनीच घातलेला.

मला कसं माहीत? कारण रोज संध्याकाळी सूप संपलं की ते हजेरी घ्यायचे. खुर्चीत ताठ बसून. पहिल्या दिवशी त्यांनी एक नाव घेतलं आणि माझ्याकडे बघत राहिले. शाळेत म्हणायचो तेच तोंडातून निघालं, "हजर."

त्यांनी मान डोलावली आणि पुढचं नाव घेतलं.

मी सुट्टीवर गेले की केरळची एक सिस्टर यायची. तिलाही त्यांनी 'हजर' शिकवलं. तिला वाटायचं, हा फ्रेंच शब्द आहे.

एकदा मी विचारलं, ही माणसं आता कुठे असतात?

मग सगळं बाहेर आलं. फ्रेंच लढाई हरले. फ्रेंच बोटी निघायच्या होत्या. कमांडरनी आपल्या माणसांना शब्द दिला होता, बायकापोरांसकट तुम्हाला घेऊन जाईन. ऐन वेळी वरून ऑर्डर आली, बोटीवर फक्त फ्रेंच माणसं.

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी चढलो," ते म्हणाले. "ते धक्क्यावर उभे होते. एकूण एक हजर होते."

त्यांचं पुढे काय झालं, ते कमांडरना कधीच कळलं नाही. पण मागे राहिलेल्यांना जिंकणाऱ्यांनी माफ केलं नसणार, हे त्यांना माहीत होतं.

मला इतका राग आला होता त्यांचा. त्या दिवशी मी सूप पुढे ठेवलं आणि एक शब्द बोलले नाही. हजेरीला मात्र ओ दिली. नावांचा काय दोष?

त्यांनी आयुष्याच्या शेवटी एकच गोष्ट मागितली. माझ्या शोकसभेत मेडल नको, भाषण नको. ही नावं वाचा, आणि कोणीतरी ओ द्या.

माझ्यासमोर लेकीला सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "इन्शाल्ला, पापा."

ते म्हणाले, "इन्शाल्ला नको. हो म्हण."

मॅडम हो म्हणाल्या.

आणि आज?

हॉटेलचा हॉल. मखमलीवर मांडलेली मेडल्स. मोठ्या स्क्रीनवर तरुण, देखणे कमांडर. त्यांच्या देशाहून आलेले एक बडे साहेब माइकवर म्हणाले, या माणसाने आपला एकही माणूस कधी मागे सोडला नाही.

टाळ्या.

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भाषणं संपली, लोक जेवणाकडे वळले. मी मॅडमजवळ गेले आणि हळूच विचारलं, नावं कधी वाचायची?

"सिस्टर, तो जुना विषय आज नको," त्या म्हणाल्या. "पापांच्या नावाला डाग लागेल. जेवून जा."

जेवून जा!

अहो मॅडम, डाग लागेल म्हणजे काय? तो होताच. तुमच्या पापांनी एकदा विश्वासघात केला आणि मरेपर्यंत तो स्वतःपासून लपवला नाही. त्यांची थोरवी काय ती तेवढीच होती. तीही तुम्ही आज पुसून टाकलीत, आणि वर बुफे लावलात.

नवरा म्हणतो, जाऊ दे गं, मोठ्यांच्या घरच्या गोष्टी, आपण नोकरमाणसं.

नाही जाऊ देणार. तीन वर्षं त्या नावांना ओ मी दिलीय. त्या हॉलमधल्या एकाही सुटाबुटातल्या माणसाने दिलेली नाही.

गावी ऑल सोल्सच्या दिवशी आपण काय करतो? ज्या कबरीवर यायला कोणी उरलेलं नाही, तिथेही एक मेणबत्ती लावतो. कोण होता, कुठला होता, विचारत नाही.

तेवढंच करा.

थान.
लॉक.
थोरला हाय.
धाकटा हाय, नाव तेच.
ताम, जो होडीत गाणी म्हणायचा.
बिन्ह, ज्याची नवी नवरी धक्क्यावर गाठोडं घेऊन उभी होती.

खाली RIP लिहू नका. फुलं नकोत, हात जोडलेले इमोजी नकोत. यातलं एक नाव लिहा आणि पुढे ओ द्या.

आणि कमांडर, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तुम्ही चढायला नको होतं.

पण तुमच्या शेजारी शेवटपर्यंत मीच होते. नियम तुमचाच आहे. तुमच्या नावाला ओ मी देते.

हजर.