खाणीतली गिधाडं गेली तेव्हा

माझे काका नगरपालिकेची मेलेल्या जनावरांची गाडी चालवायचे. कुठे गाय मेली, घोडा पडला, गाढव ट्रकखाली आलं की काकांना फोन. गाडीच्या मागे साखळी आणि चरखी होती. जनावर वर ओढायचं, गावाबाहेरच्या दगडाच्या जुन्या खाणीत नेऊन टाकायचं, गाडी धुवायची आणि पुढच्या फोनची वाट बघायची. घरी आले की काकू त्यांना दारातच अडवायची. "आधी माणसात या," म्हणत हातावर साबणाची वडी ठेवायची.

आमचं घर एकच होतं. खाली काका-काकू, वर बाबा, आई आणि मी. काकांचे आईवडील लवकर गेले होते, त्यामुळे ते माझ्या आईच्याच हाताखाली वाढले. पन्नाशी उलटली तरी ती त्यांना "केस विंचरून जा" म्हणायची आणि ते खरंच आरशापुढे जायचे.

त्या खाणीच्या कड्यावर गिधाडं बसायची. इतकी, की लांबून कडा काळा दिसायचा. काका साखळी सोडून बाजूला झाले की ती खाली उतरायची. काकांची गाडी धुऊन होईपर्यंत घोड्याची फक्त हाडं उरायची, तीही घासूनपुसून ठेवल्यासारखी. वास नाही, माशा नाहीत.

"ही माझ्या हाताखालची माणसं," काका सांगायचे. "पगार मागत नाहीत, रजा घेत नाहीत, साहेबाकडे चुगल्या करत नाहीत."

कुणी एखाद्या लोभी माणसाला गिधाड म्हटलं की मात्र त्यांना राग यायचा. "उगाच गिधाडांचं नाव खराब करू नका. ती निदान मेल्याशिवाय हात लावत नाहीत."

मग एकदा जेवताना त्यांनी भाकरी अर्धी तशीच ठेवली. आईने विचारलं तेव्हा म्हणाले, "कड्यावर एक गिधाड मान टाकून बसलंय, वहिनी. दगड मारला तरी हलेना."

"म्हातारं झालं असेल," बाबा म्हणाले.

काकांनाही ते पटलं. पण दुसऱ्या दिवशी ते गिधाड कड्याखाली मरून पडलं होतं, आणि वर आणखी कितीतरी माना तशाच लोंबत होत्या.

काकांनी त्यातलं एक पोत्यात घातलं आणि गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई तरुण होत्या, बोलायला तुटक, पण कामात पक्क्या. त्यांनी पक्षी चिरला. आतल्या सगळ्या अवयवांवर पांढरा थर होता, चुना फासावा तसा. मग त्यांनी नमुने मोठ्या प्रयोगशाळेत पाठवले. उत्तर यायला वेळ लागला. तेवढ्या वेळात कड्याचा निम्मा भाग मोकळा झाला होता.

"गुरांना आपण दुखण्यावर सुई टोचतो ना, स्वस्तातली?" त्यांनी काकांना बोलावून सांगितलं. "त्या सुईनंतर जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं, की गिधाडाची मूत्रपिंडं जातात. एका जनावरावर सगळा थवा बसतो. म्हणजे एका जनावरात सगळा थवा जातो."

"मग बंद करा की सुई."

"मी माझ्या दवाखान्यात केली. दुसरं औषध आहे, थोडं महाग पडतं. पण प्रत्येक दुकानात ही सुई मिळते, काका. ती सरकारनेच बंद करायला हवी. मी वर कळवलंय. विषय विचाराधीन आहे म्हणतात."

"किती दिवस?"

बाईंनी वर पाठवलेल्या पत्रांची फाईल पुढे सरकवली.

वर विचार चालू होता आणि खाली खाणीत जनावरं पडून राहू लागली. फुगायची, फुटायची. वारा गावाकडे वळला की शाळेच्या खिडक्या लावून घ्यायला लागायच्या. आणि मग कुत्री आली.

आधी खाणीपुरतीच होती. पोटभर मांस रोज, कष्ट न करता. ती अंगाने भरली, त्यांना पिल्लं झाली, त्या पिल्लांना पिल्लं झाली. काका सांगायचे की आता गाडी थांबायच्या आधीच ती दोन्ही बाजूंनी चालू लागतात. भुंकत नाहीत, नुसती चालतात. काका साखळी सोडताना गाडीचं दार उघडंच ठेवू लागले.

मग काही दिवस गाडी आली नाही, की कुत्री आपणहून गावात यायला लागली. फाट्यावरच्या शिंप्याच्या पोटरीचा लचका गेला. डाकवाल्याने सायकल सोडून दिली. लोक हातात काठी घेतल्याशिवाय बाहेर पडेनासे झाले, आणि भांड्यांच्या दुकानदाराने दारात काठ्यांचा भारा उभा केला. साध्या वेगळ्या, मुठीच्या वेगळ्या. म्हाताऱ्यांना सवलत होती. आम्ही त्यावर हसलोसुद्धा.

आईला चावलं म्हणावं असं काही झालंच नव्हतं. दुधाच्या केंद्रावरून येताना एक कुत्रं मागून आलं, दात टाचेला घासला, आणि ते निघून गेलं. रक्ताचा थेंबसुद्धा नीट आला नाही. काकांनी पाहिलं मात्र, आणि तिला तसंच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. रेबीजची लस संपली होती. उद्या या म्हणाले. उद्या गेली तेव्हाही नव्हती. मग खरचटलेलं भरून आलं.

"आता सुकलंय, कशाला हेलपाटे?" ती म्हणाली. काका भांडले, तर म्हणाली, "तू तुझे केस विंचर."

पावसाळा सरून हवेत गारवा आला तेव्हा एका सकाळी तिने चहाचा कप तोंडाला लावला आणि खाली ठेवला. "घसा आवळल्यासारखा होतोय," म्हणाली. दुपारी काकूने पाण्याचा तांब्या पुढे केला तर आई भिंतीला पाठ लावून मागे सरकत गेली. तिच्या डोळ्यांत तसली भीती मी कधी पाहिली नव्हती. काकांनी माझ्या हाताला धरून मला खोलीबाहेर काढलं. त्यांना कळलं होतं.

त्यापुढचं मी सांगत नाही. आई गेली.

महिन्याभरात राजधानीतून मंत्रीणबाई पाहणीला आल्या. आईसारखी आणखी माणसं आजूबाजूच्या गावांत गेली होती आणि बोंब वर पोचली होती. कुत्री मारायची मोहीम जाहीर होणार, असं सगळे म्हणत होते. खाण दाखवायला पुढे काकांची गाडी, मागे साहेबांच्या गाड्या. काकांनी डॉक्टरीणबाईंना आपल्या शेजारी बसवून नेलं होतं. मी मध्ये होते, कुणालाही न विचारता चढलेली.

खाणीत गाड्या थांबल्या आणि कुत्री उठली. दगडांमागून, सांगाड्यांमधून, वरच्या कपारींतून. सावकाश येऊन ती गाड्यांभोवती उभी राहिली. कसलाही आवाज नाही. सगळ्या चालकांनी इंजिनं चालूच ठेवली. काका काठी घेऊन खाली उतरले, मंत्रीणबाईंच्या गाडीपाशी गेले आणि काचेवर बोटाने टकटक केलं.

"मॅडम, काच खाली घ्या."

आतला सचिव हाताने नको नको करत होता.

"थोडी घ्या. वास आल्याशिवाय कळायचं नाही."

काच चार बोटं खाली आली. मंत्रीणबाईंनी पदर नाकाला लावला.

"ही कुत्री तुम्ही मारणार असं ऐकलं," काका म्हणाले. "मारा. इथे मांस पडतंय तोवर दुसरी येतील. तो वरचा कडा बघा. तिथे गिधाडं बसायची. ती होती तोवर या गावात लसीची गरज कुणाला फारशी पडली नव्हती. ती एका सुईने मेली. या डॉक्टर कधीच्या सांगताहेत, बंद करा. तुमच्याकडे विचार चाललाय. विचार चालला होता तेव्हा माझी वहिनी गेली."

"इथे बोलण्यासारखा हा विषय नाही," सचिव आतून म्हणाला.

"मग कुठे बोलू?" काका म्हणाले. "मी दवाखान्यात भांडलो, घरी भांडलो. सुई बंद करणं ना दवाखान्याच्या हातात, ना घरच्यांच्या. ते तुमच्या हातात आहे, मॅडम. दुसऱ्या कुणाच्याच नाही."

एक कुत्रं काकांच्या पायाशी येऊन हुंगू लागलं. काकांनी काठी उचलली नाही. मंत्रीणबाई त्या कुत्र्याकडे बघत होत्या. मग त्यांनी डॉक्टरीणबाईंना गाडीत घेतलं, आणि परतीच्या वाटेवर त्या दोघी काय बोलल्या ते नंतर कधीतरी कळलं. बाईंनी एकच मागितलं होतं: कुत्र्यांची मोहीम हवी तर करा, पण आधी सुई बंद करा. मंत्रीणबाईंनी तसा शब्द दिला होता.

सुई बंद झाली. तसा हुकूम निघाला, मंत्रीणबाईंनी शब्द पाळला. काकांनी त्या दिवशी साबणासाठी न थांबता सरळ आत येऊन बातमी सांगितली आणि काकूनेही त्यांना दारात अडवलं नाही.

पण बंदी फक्त गुरांच्या सुईवर आहे; तेच औषध माणसांसाठी मोठ्या बाटलीत मिळतं. गोठेवाले ती घेतात, औषधवाले देतात, बघणारं कुणी नाही. मंत्रीणबाईंचं खातं बदललं. काका आता गोठ्यात विचारल्याशिवाय जनावर उचलत नाहीत. सुई टोचलेलं असेल तर खड्डा खणून पुरतात. लोक खोटं बोलले तर त्यांना तोंडावरून कळतं म्हणतात. नेहमीच कळत असेल असं मला वाटत नाही.

कड्यावर एक जोडी उरली आहे. परवा मी काकांबरोबर दवाखान्यात गेले होते. त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, कडा पूर्वीसारखा भरायला किती काळ लागेल.

"वर्षाला एकच अंडं घालतात," बाई म्हणाल्या. "तेही जगलं तर. सुई खरोखर थांबली, तरी तुमच्या माझ्या हयातीत नाही."

बाहेर अंगणात कुत्र्यांची एक टोळी भिंतीच्या सावलीला येऊन बसली होती, दवाखान्यातून काही बाहेर पडतंय का ते बघत.

"नव्या मंत्र्यांची वेळ घ्या," काका म्हणाले. "मी रजा टाकतो."