कुकाच्या मशीनवरची लाल रेघ

नासारियो मशीन जुळवायला बसला की डोळे मिटून घ्यायचा. नवख्या बाईला वाटे, हा झोपला. "चालव," एवढंच म्हणायचा आणि मशीनच्या मानेवर पालथा तळवा ठेवायचा. ती पॅडल दाबायची, सुई चामड्यात वरखाली व्हायची, आणि हा हनुवटी छातीला टेकवून दूर कुठेतरी निघून जायचा. बाहेर दुपार उतरत असायची, खळीचा वास डोक्यात चढलेला असायचा. बऱ्याच वेळाने तो तिकडूनच बोलल्यासारखा बोलायचा, "हूक उशिरा पोचतोय. सुई वाट बघून दमते." आणि खरंच, खालून सुईचा दोरा पकडणारा तो हूकच तेवढा बिघडलेला असायचा. कधीकधी मात्र तो खरोखरच झोपलेला असायचा. माझ्या मशीनवर हात ठेवून तो घोरलेला मी या कानांनी ऐकलाय.

आमच्या कोएसियो वस्तीत घरोघरी बायका बुटाचा वरचा भाग शिवतात. कारखान्यातून कापलेल्या चामड्याचं पोतं येतं, शिवून परत जातं, तळ तिकडे बसतो. आमच्या लिओन शहराचे बूट देशभर मिरवतात, पण त्यांचा टाका आमच्या स्वयंपाकघराच्या बाजूला पडतो. नासारियो या सगळ्या मशीनांचा वैद्य. आम्ही त्याला तोंडावर उस्ताद म्हणायचो आणि पाठीमागे निजरा उस्ताद. त्याला दोन्ही माहीत होतं.

मशीन विकत घ्यायचं असलं तरी त्यालाच विचारायचं. तो चामड्याचं नावही काढायचा नाही. म्हणायचा, "आधी अंगण झाड." बाई झाडायची आणि हा तिच्या पावलांकडे बघत बसायचा. पट्टे नि पिशव्या शिवणारीला सपाट मशीन, उंच बुटांच्या नळ्या शिवणारीला लांब हाताचं, आणि नाजूक, गोल वळणांचं काम करणारीला खांबाचं, म्हणजे ज्याची सुई उभ्या खांबाच्या टोकावर चालते आणि बूट चारी बाजूंनी फिरवता येतो, ते. एवढं तर कुठलाही दुकानदार सांगेल. पण त्या प्रकारातलं नेमकं कुठलं, हे तो पायावरून ठरवायचा. मला म्हणाला होता, "लेंचा, तुझा पाय रागीट आहे. तुला जड चाकाचं घे. हलकं घेतलंस तर ते तुला घेऊन पळेल." मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. मशीन मात्र जड चाकाचंच घेतलं, आणि अजून तेच आहे.

माझ्या भिंतीपलीकडे कुका राहायची. तिच्या मुलीच्या, ओतिलियाच्या, बाप्तिस्म्याला मी धर्ममाता, म्हणजे मद्रिना, झाले, तेव्हापासून आम्ही एकमेकींच्या कोमाद्रे. बहिणीपेक्षा जवळ आणि सवतीपेक्षा भांडखोर असं ते नातं असतं. कुकाचं मशीन खांबाचं, जुनं, काळं, हाताच्या घामाने ठिकठिकाणी उजळलेलं. तेल, हूक, चामडं पुढे ढकलणारा रोलर, हे सगळं ती नासारियोला बघू द्यायची. पण दोऱ्याचा ताण कमीजास्त करायचा जो छोटा नट असतो, त्याला कधी हात लावू दिला नाही.

"ताण माझा," म्हणायची. "बाकीचं मशीन तुझं."

तो हसून बोटं पुसायचा. कुका विधवा, तो बिनलग्नाचा. त्याची शेड रुळांच्या बाजूला, पावाची भट्टी त्याच्याही पलीकडे, आणि हा गृहस्थ पाव आणायला रोज सकाळी आमच्या गल्लीतून जायचा. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तसला प्रकार. मी भिंतीवर थाप मारून म्हणायचे, "कोमाद्रे, तुझा पाव आला बघ." ती आतून म्हणायची, "गप गं, सुई बोटात जाईल." आम्ही सगळ्या लग्नातला मोलेचा तिखट रस्सा खायला टपलेल्या होतो. पण दोघांपैकी एकाने कधी तोंड उघडलं नाही.

नोव्हेंबरात मृतांचा सण झाला, थडग्यांवरची झेंडूची फुलं सुकायच्या आत कुकाला ताप भरला, आणि छातीतला तो ताप तिला घेऊन गेला. मशीनवर घोडेस्वारीच्या जाडजूड बुटांचं काम अर्धवट होतं. नऊ दिवसांच्या जपमाळा संपल्या आणि दुसऱ्या दिवशी ओतिलियाने आपली लाल नेलपॉलिश घेतली, नटावरून सुरू करून मशीनच्या अंगापर्यंत एक रेघ ओढली. चुकूनही नट हलला तर रेघ तुटलेली दिसावी म्हणून.

"आईचा हात इथे थांबलाय, मद्रिना," ती मला म्हणाली. "तो इथेच राहू दे."

मला ते बरोबरच वाटलं. मी अंगठ्याने त्या रेघेवर क्रूस काढला. गल्लीतल्या बायका बघायला येऊन गेल्या. एकीने तर रेघेला बोट लावून बोट ओठांना लावलं.

जाड चामड्याचं काम होतं तोवर काही अडलं नाही. ओतिलिया त्याच ताणावर शिवत राहिली. जानेवारीची जत्रा आटोपली आणि कारखान्यातून काम वाटणाऱ्या गास्काने पांढऱ्या चामड्याचं पोतं पाठवलं. चर्चमधल्या पहिल्या प्रसादाला, कम्युनियनला, मुली घालतात ते बूट. करडाचं चामडं, कानाच्या पाळीसारखं मऊ. ओतिलियाने बारीक सुई लावली, बारीक दोरा ओवला, रोलरचा दाबसुद्धा हलका केला. नटाला सोडून सगळ्याला हात लावला. मग व्हायचं तेच झालं. शिवणीला चुण्या पडल्या, खालचा दोरा ठिपक्याठिपक्याने वर आला, काही ठिकाणी दोऱ्याने चामडं कापलंच.

गास्का स्वतः पोतं घेऊन परत आला. माणूस वाईट नाही, पण गोड बोलणं त्याला परवडत नाही.

"हे घालून पोरींना वेदीपुढे पाठवू? देव बघेल न बघेल, त्यांच्या आया बघतील की. शनिवारपर्यंत नीट करून दे. नाहीतर घरचं काम बंद, आणि कारखान्यात रांगेत येऊन बस."

रांगेत बसायचं म्हणजे कारखान्याचं मशीन, कारखान्याचा भोंगा. कुकाचं मशीन मग घरात कापड पांघरून बसणार. ओतिलियाला तेच खात होतं. ती म्हणाली, "पांढऱ्या कामाला दुसरं मशीन घेते. आईचं असंच राहील." मी म्हटलं, चल.

सोमवार होता. बूट करणारे सोमवारी काम करत नाहीत, रविवारची उतरायला त्यांना तेवढा दिवस लागतोच. पण नासारियो शेडमध्ये होता. पत्र्याला बारीक भोकं पडलेली, त्यातून उन्हाच्या दोऱ्या खाली आलेल्या. जुन्या चादरी पांघरलेली मशीनं ओळीने उभी होती, आणि मधे बाकावर हा ग्वाकामाया खात बसला होता. आमची हीच तऱ्हा. चामडं शिवायचं, आणि डुकराचं कुरकुरीत कातडं पावात घालून, तिखट ओतून खायचं. त्याने आमचं ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाला, "शेड झाड."

ओतिलियाने झाडलं. तिची डावी टाच जमिनीला टेकत नव्हती. कुकाचीही टेकायची नाही. मी नासारियोकडे पाहिलं तर त्याने मान दुसरीकडे फिरवली होती.

मग त्याने एकेका मशीनवरची चादर काढली. ओतिलिया बसायची, पांढरा तुकडा शिवायची, हा तळवा ठेवून डोळे मिटायचा. "नाही." पुढचं. "नाही." उन्हाच्या दोऱ्या जमिनीवरून हळूहळू सरकत होत्या आणि मशीनच्या आवाजाने माझेही डोळे जड झाले. मला वाटत राहिलं, आम्ही इथे फार वर्षांपासून बसलोय, कुकाही कुठल्यातरी चादरीखाली बसलीय, आता तिची पाळी येईल. शेवटच्या मशीनवर टाके असे पडले की मी खडबडून जागी झाले.

"नाही," नासारियो म्हणाला.

"नाही काय? मोत्यासारखा टाका पडलाय."

"मशीन चांगलंच आहे लेंचा. पण ही त्याच्यावर पाहुणी आल्यासारखी बसलीय. हिचं मशीन घरी आहे."

"त्या नटाला हात लावायचा नाही," ओतिलिया म्हणाली. खाण तशी माती.

"मी कुठे लावतोय? तुझ्या आईने मला कधी लावू दिला?"

आम्ही घरी आलो. त्याने पिशवी उघडली, खांबातली धूळ काढली, तेलाचे थेंब सोडले, बारीक सुईला हवा तेवढा हूक जवळ आणला. लाल रेघेजवळ आला की त्याची बोटं वळसा घालून जात. मग म्हणाला, "चालव." ओतिलियाने पांढरा तुकडा शिवला. पुन्हा चुण्या. तिने तो तुकडा मांडीवर ठेवला आणि खाली बघत राहिली. नासारियोने तळवा काढला नाही, डोळे उघडले नाहीत. एवढा वेळ गेला की मला वाटलं, झोपला निजरा.

आणि मग तो तोंडाने आवाज काढायला लागला.

"टर्रर्र." मग गप्प. पुन्हा छोटं, "टर्रर्र." पुन्हा गप्प. आणखी एकदा, त्याहून छोटं. मग एक लांबच लांब, न थांबणारं.

ओतिलियाने मान वर केली. तो आवाज मी आयुष्यभर भिंतीतून ऐकलाय, अर्धवट झोपेत, दिवस नीट सुरू व्हायच्या आत.

"आई," ओतिलिया म्हणाली. "सकाळची. मी अंथरुणातच असायचे."

"मधेमधे गप्प का व्हायची?"

"देवाचं नाव घेत असेल."

"मलाही तेच वाटायचं," मी म्हटलं. "क्रूस काढत असेल छातीवर."

"नट फिरवायची," नासारियो म्हणाला. त्याचे डोळे अजून मिटलेलेच. "तुकड्यावर शिवायची, बघायची, फिरवायची. कधी अर्धा, कधी केसभर. चामडं बदललं की, दोरा बदलला की, हवेत ओल आली की. एक सकाळ चुकली नाही. शिवल्याचे आवाज काय, या वस्तीत कुठूनही येतात. मी ते गप्प होणं ऐकायला यायचो."

त्याचे कान लाल झाले होते. इतक्या वर्षांत जे कुकाला सांगितलं नाही, ते तो तिच्या मशीनला सांगून बसला होता. मला रडू येत होतं, म्हणून मी टोमणा मारला.

"पावाला यायचास ना तू?"

"पावही घ्यायचो."

ओतिलियाने रेघेवर बोट ठेवलं. "मग हा आईचा हात नाही?"

"आहे. त्या दिवशीचा. जाड चामड्यासाठीचा. पण तो इथे थांबला नव्हता पोरी. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा फिरवायला येणार होता. ताप आधी आला."

एवढं बोलून तो उठला, पिशवी आवरली आणि दाराकडे निघाला. मला त्याचा राग आला. पोरीला असं अर्ध्यावर सोडून कुठे निघालास, म्हणून मी उंबऱ्यात त्याला अडवलं. "फिरव की तूच. दोन बोटांचं काम."

"मला परवानगी नाही," तो म्हणाला. आणि डोक्यावर टोपी ठेवून गेला.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून काहीच ऐकू आलं नाही. मी कान लावून बसले होते, खोटं कशाला बोलू. नंतर माझाच डोळा लागला.

जाग आली ती पुरती जाग नव्हती. खिडकीत राखाडी उजेड होता आणि भिंतीतून आवाज आला, टर्रर्र. मग गप्प. मला वाटलं, कोमाद्रे उठली, कॉफी टाकायला सांगावी. मी भिंतीवर थाप मारायला हातही उचलला. टर्रर्र. गप्प. तेव्हा आठवलं. हात तसाच भिंतीवर टेकला आणि मी रडले. दुःखाने रडले असं नाही सांगता येणार. ती गेल्यापासून पहिल्यांदाच ती घरात होती.

खिडकी उघडली. समोरच्या भिंतीला टेकून नासारियो उभा होता, डोळे मिटून, हातात पावाची रिकामी पिशवी. 'उस्ताद, पाव आला का?' असं मी ओरडणारच होते. पण त्याचा चेहरा पाहिला आणि माझी जीभ आयुष्यात पहिल्यांदाच वळली नाही.

मशीन थांबलं. दार उघडून ओतिलिया बाहेर आली. रात्रीचे केस तसेच, हातात पांढरा तुकडा, बोटाच्या टोकाला नेलपॉलिशची लाल कपची. तिने तो तुकडा त्याच्यापुढे धरला. शिवण शांत पाण्यासारखी सपाट होती, एक चुणी नाही.

"उस्ताद, ताण बरोबर आहे का बघा ना."

त्याने डोळे उघडले, पण तुकड्याला हात लावला नाही.

"मला काय विचारतेस?" तो म्हणाला. "ताण तुझा."

आणि रिकामी पिशवी घडी करून खिशात घालत तो पावाच्या भट्टीकडे निघाला.