तळहातावरचे अकरा

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या मुलीइतका स्वतःबद्दल निःशंक माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये झाला नसेल. वय साडेपाच. एका जागी उभी राहिली तर जणू पाय भाजतात, अशी सतत उड्या मारत बोलायची. रोज संध्याकाळी आमची बेल वाजवायची, तीही चपलेने, कारण हात पोचत नसे. डाव्या तळहातावर स्केचपेनने लिहिलेला आकडा नाचवत ती स्वतःचा निकाल सांगायची, "आजोबा, आज दहापैकी अकरा!" कशात, ते रोज वेगळं. एकदा दुधीची भाजी संपवण्यात, एकदा जिना उतरण्यात. जिन्यात दोनदा पडली होती, त्याचं काय? "पडले ना, पण झकास पडले!" पोहता येतं का, असं विचारलं तर म्हणाली, "येतं. फक्त पाण्यात नाही गेले अजून."

मी गणिताचा मास्तर. तीस वर्षं बोर्डाचे पेपर तपासले. दहापैकी अकरा मला सोसवेनात. एकदा तिने लंगडीत अकरा आणले. मी तर खिडकीतून तिला तीनदा बाद होताना पाहिलं होतं. मी हात धरला, लाल पेनने अकरा खोडले, सहा लिहिले आणि शेजारी छोटी सही केली. खाडाखोड केली की परीक्षकाने सही करायची, हा आमचा नियम.

उड्या थांबल्या. "म्हणजे मी सहा?"

'तू नाही गं, तुझी लंगडी,' एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो, "सहा काही वाईट नाहीत."

दुसऱ्या दिवशी तिची आई हसत म्हणाली, "काका, काय लिहिलंत हो? सही पुसली जाईल म्हणून हात धुवू देत नाही." मीही हसलो. पुढे बिल्डिंगभर हा किस्सा सांगताना 'तिनेच हात पुढे केला' असं सांगत आलो. ते खोटं. हात मी ओढला होता.

त्यानंतरही ती यायची, पण तळहात कोरा. "आजोबा, तुम्हीच लिहा ना."

काल मी तिला बोलावलं. म्हटलं, "तुझा लंगडीचा पेपर मी चुकीचा तपासला होता." तळहातावर सहा लिहिले, खोडले, शेजारी ठळक अकरा लिहिले.

तिने हात डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "खरंच अकरा, की तुम्ही असंच देताय?"

सही करायची राहिली होती. मी पेन धरून बसलो, आणि ती उत्तराची वाट पाहत होती, दोन्ही पाय जमिनीला टेकवून, अगदी स्थिर.