टोपली मी न विचारता तिच्याच हातात दिली

मैत्रिणींनो, आज आमच्या ऐतिहासिक नाचाचे कपडे ठरवायला पालघरच्या भाड्याने कपडे देणाऱ्या दुकानात गेलो होतो. घरी आल्यापासून मला स्वतःचीच लाज वाटतेय.

नाच किल्ल्यावरचा आहे. मधोमध तलवारी घेतलेल्या बायका आणि कडेला मासळी घेऊन आलेल्या कोळणी. दुकानात मी एकेकीला विचारत होते, "तुला काय हवंय गं? तलवार की टोपली?" घिवलीच्या कोळीवाड्यातल्या वनिताला मात्र विचारलंच नाही. कोळी लुगडं आणि टोपली सरळ तिच्या हातात दिली. वर म्हणाले, "ही आमची अस्सल कोळीण!" सगळ्या हसल्या.

वनिताही हसली. मग हळूच म्हणाली, "ताई, मी लुगडं कदी नेसलीच नाय. आमच्या घरात सासू नेसते. मी तर कंपनीत ड्रेस घालून जाते."

"अगं, शोभेल तुला," म्हणत मी पुढच्या कपड्यांकडे वळले.

मी साताऱ्याची. इथे कुणी मला 'घाटी' म्हटलं की दिवसभर धुमसते!

आणि खरं सांगू? तलवार वनितासारखी कुणीच फिरवत नाही. सरावासाठी तिने घरून पाइपचा तुकडा आणला होता, त्याला चंदेरी कागद चिकटवून. आज दुकानातही तो तिच्यासोबत होता.

परत येताना बोईसरला तिने तो पाइप माझ्या हातात दिला. "ताई, हा तुमीच ठेवा. ज्या तलवारीत हायत, त्यांना कामाला येईल."

तो आता माझ्या दाराशी उभा आहे. उद्या तिला परत देताना काय बोलू?